गाय व्यायली, पण उठेना: नस आणि स्नायूच्या मधल्या फटीत कॅल्शियम काय करतं?

मागच्या हिवाळ्यात रात्री अकराला मामांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांचं गाव नगर तालुक्यातच, हिवरे बाजारपासून मोटरसायकलने थोडंच लांब. स्क्रीनवर बॅटरीच्या उजेडात त्यांची संकरित गाय बसलेली दिसत होती, मान मागे पोटाकडे वळवलेली. आदल्याच दिवशी व्यायली होती. कान गार पडलेले, डोळे उघडे, पण उठायचं नावच नाही.

"अरे, मोबाइलवर एकानं सांगितलंय, कॅल्शियमची बाटली शिरेतून सोडायची. बाटली घरात आहे. सोडू का?"

भाचा कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणजे त्याला सगळंच कळतं, असा मामांचा ठाम समज आहे. मी एवढंच म्हणालो, "डॉक्टर येईपर्यंत हात लावू नका." डॉक्टर आले, त्यांनी गायीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बाटली हळूहळू सोडायला सुरुवात केली. बाटली संपत आली तसे गायीचे स्नायू थरथरायला लागले, तिनं ढेकर दिला, शेण टाकलं आणि तासाभरात ती उठून उभी राहिली. मी तोवर फोनवरच होतो. एक धातू रक्तात जातो आणि लुळं पडलेलं चारशे-पाचशे किलोचं जनावर उभं राहतं, हे डोक्यातून जाईना. मग वाचायला घेतलं.

या आजाराला मिल्क फिव्हर किंवा दुग्धज्वर म्हणतात. नाव चुकीचं आहे. यात ताप नसतोच, उलट अंग गार पडतं.

हिवरे बाजारच्या भागात हा विषय घरोघरचा का आहे, ते आधी सांगतो. 1990 च्या आसपास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावानं पाणलोटाची कामं केली, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आणली. मोकळं चरणं थांबलं, डोंगरावरचं गवत कापून आणायचं असं ठरलं. चारा वाढला तशी दुभती जनावरं वाढली. नव्वदच्या दशकाच्या मध्यात गावाचं रोजचं दूध साधारण 150 लिटर होतं, ते पुढे काही हजार लिटरांवर गेलं. आता गंमत बघा, हा आजार रोडावलेल्या, दूध न देणाऱ्या गायीला सहसा होत नाही. तो होतो भरपूर दूध देणाऱ्या गायीला, त्यातही तिसऱ्या वेताच्या पुढे आणि बहुतेक वेळा व्यायल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत.

कारण साधं गणित आहे. एक लिटर चिकात सुमारे 2.3 ग्रॅम कॅल्शियम असतं. गायीनं 10 लिटर चीक दिला की 23 ग्रॅम कॅल्शियम बाहेर गेलं. आणि तिच्या रक्तद्रवात एका वेळी असतं किती? सगळं मिळून जेमतेम 3 ग्रॅम. म्हणजे तुम्ही खरवस खाता तेव्हा गायीचं शरीर हाडांतून आणि आतड्यांतून कॅल्शियम ओढून आणायची धावपळ करत असतं. ही धावपळ कमी पडली, तर 100 मिलिलिटर रक्तात 9-10 मिलिग्रॅम असणारं कॅल्शियम 5 च्या आसपास येतं आणि गाय बसते.

पण हाडं तर मजबूत आहेत. मग पाय का चालत नाहीत?

फटीतला निरोप

मेंदूचा हुकूम नसेतून विजेसारखा येतो, पण नस स्नायूला चिकटलेली नसते. मध्ये अतिशय बारीक फट असते. वीज ती फट ओलांडत नाही. नसेच्या टोकाशी अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या छोट्या पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. हुकूम आला की काही पिशव्या फुटतात, रसायन फट ओलांडतं आणि स्नायूवरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं.

हा रिसेप्टरच दरवाजा असतो. पाच प्रथिनांचे तुकडे गोल उभे करून मध्ये बोगदा सोडलाय, असं समजा. अॅसिटिलकोलीनचे दोन रेणू बसले की तो उघडतो, साधारण एक मिलिसेकंद. तेवढ्यात हजारो सोडियम आयन आत घुसतात, स्नायूत वीज तयार होते आणि स्नायू आकसतो. बोगद्याच्या तोंडाशी ऋण भार आहे, त्यामुळे धन भाराचे धातू-आयन आत ओढले जातात आणि क्लोराइडसारखे ऋण आयन बाहेरच राहतात. असा एकच दरवाजा उघडतो-मिटतो ते एर्विन नेहेर आणि बेर्ट साकमान यांनी 1976 मध्ये बेडकाच्या स्नायूवर मोजून दाखवलं. त्यासाठी त्यांना 1991 चं नोबेल मिळालं.

आता कॅल्शियम कुठे येतं? तर मुख्यतः दरवाज्याच्या अलीकडे, नसेच्या टोकाशी. हुकूम पोचला की तिथले कॅल्शियम चॅनेल उघडतात, बाहेरचं कॅल्शियम आत जातं आणि तेच पिशव्यांना फुटायचा इशारा देतं. कॅल्शियम नाही तर पिशवी फुटत नाही. रिसेप्टर धडधाकट, स्नायू धडधाकट, हुकूमही आलाय, पण निरोप फटीच्या अलीकडेच अडकलेला. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर चालू, फोन चालू, मधलं नोटिफिकेशनच गेलं नाही.

आणि हा संबंध सरळ रेषेतला नाही. डॉज आणि रहामिमॉफ या दोघांनी 1967 मध्ये बेडकाच्या स्नायूवर दाखवलं की कॅल्शियम कमी असतं तेव्हा बाहेर पडणारं रसायन कॅल्शियमच्या जवळपास चौथ्या घातानं बदलतं. म्हणजे कॅल्शियम निम्मं झालं तर रसायन निम्मं होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतं. गायीत आकडा तंतोतंत हाच निघेल असं नाही, पण रक्तातलं कॅल्शियम 'फक्त' निम्मं झाल्यावर एवढं मोठं जनावर का कोसळतं, ते यावरून कळतं.

मग माणसाचे हात का आखडतात?

माणसाच्या रक्तात कॅल्शियम घटलं तर उलटंच होतं: हाताची बोटं आखडतात, पेटके येतात. वाचताना मी इथे बराच वेळ अडकलो.

उत्तर असं की कॅल्शियमची कामं दोन आहेत. एक पिशवी फोडायचं. दुसरं, नसेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बसून सोडियमच्या दरवाज्यांना आवरून धरायचं. ते आवरणं सुटलं की नस उगाचच पेटते आणि पेटके येतात. माणसात हा दुसरा परिणाम आधी दिसतो, कारण फटीपाशी आपल्याकडे रसायनाची राखीव शिल्लक भरपूर असते. गायीत ती शिल्लक लवकर संपते, म्हणून ती लुळी पडते. तरी नीट पाहिलं तर गायही बसण्याआधी थोडा वेळ बिथरते, तिचे स्नायू फुरफुरतात. हा टप्पा लहान असतो आणि रात्रीच्या गोठ्यात कुणाच्या लक्षात येत नाही.

कॅल्शियमचा प्रतिस्पर्धी मॅग्नेशियम. दोघांचा भार सारखाच, त्यामुळे मॅग्नेशियम नसेच्या टोकाशी कॅल्शियमची वाट अडवतं, पण पिशव्या फोडत नाही. 1950 च्या दशकात बर्नार्ड काट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम मॅग्नेशियम वाढवून निरोप इतका क्षीण केला की एकेक पिशवी वेगळी मोजता आली. काट्झना 1970 चं नोबेल मिळालं. रिसेप्टरच्या बोगद्यातही हे दोन्ही धातू सोडियमच्या आड येतात, फक्त तिथला परिणाम छोटा.

हे प्रयोगशाळेपुरतं नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आले तर बाईला मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं देतात आणि त्यानं जीव वाचतात. पण मॅग्नेशियम जास्त झालं तर याच फटीत निरोप अडतो आणि श्वासाचे स्नायूही थकतात. म्हणून पुढचा डोस देण्याआधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते पाहतात, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवतात. आपल्या सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी भारतीय बायकांसाठी कमी मात्रेची पद्धत मांडली, तिच्यामागे ही काळजीही आहेच.

मामांना 'थांबा' का म्हणालो

हृदयही स्नायूच आहे आणि त्याला कॅल्शियम थेट लागतं. शिरेतून कॅल्शियम भसकन गेलं तर ठोके बिघडतात आणि गाय तिथेच मरू शकते. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून बसतात ते याचसाठी. व्हिडिओत बाटली दिसते, पण ठोके ऐकणारा कान दिसत नाही. डॉक्टर येईपर्यंत गाय एका कुशीवर आडवी पडू देऊ नका, छातीवर बसती ठेवा, पोत्यांचा आधार द्या. तोंडातून काही पाजू नका, कारण गिळायचे स्नायूही ढिले पडलेले असतात आणि औषध फुप्फुसात जाऊ शकतं. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा टोल-फ्री नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

कॅल्शियमचं इंजेक्शन येण्याआधी, शंभरेक वर्षांपूर्वी, डॉक्टर चक्क गायीच्या कासेत पंपानं हवा भरायचे. आणि गाय उठायची! कासेतला दाब वाढला की दूध तयार होणं मंदावतं आणि कॅल्शियम रक्तातच राहतं. तेव्हा कारण कुणाला नीट माहीत नव्हतं.

यंदा मामांनी गाय व्यायच्या आधीच कॅल्शियमचा डबा आणून ठेवला होता, महिनाभर चारायचा म्हणून. डॉक्टरांनी तोही थांबवला. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत आयतं कॅल्शियम मिळालं तर हाडांतून ते काढायची यंत्रणा सुस्तावते आणि ऐन चिकाच्या वेळी उशिरा जागी होते. डबा अजून गोठ्याच्या फळीवर आहे. व्यायल्यावर, डॉक्टरांना विचारून उघडायचाय.