तीन दोऱ्या वाऱ्यावर

इंग्रजी कादंबऱ्यांच्या वाचकाला ‘थ्री शीट्स टु द विंड’ हा वाक्प्रचार केव्हां ना केव्हां भेटतोच. दारू पिऊन पुरता तर्र झालेला, हा त्याचा अर्थ कोशांत सांपडतो. घोटाळा होतो तो ‘शीट’ या शब्दापाशीं. शीट म्हणजे चादर, फार तर कागदाचा ताव. मग तीन चादरी वाऱ्यावर सोडल्यानें माणूस झिंगावा कसा? चतुर वाचक शीट म्हणजे शीड असावें असा तर्क करतो. तोही चुकीचाच.

खलाशांच्या भाषेंत शीट ही दोरी होय. जुन्या इंग्रजींत शिडाच्या खालच्या कोपऱ्याला वाचक असा एक शब्द होता. कोपऱ्याचें नांव पुढें त्याला बांधलेल्या दोरीला चिकटलें. या दोरीनेंच शीड हवें तसें ताणून धरतां येतें. ती हातची सुटली कीं शीड नुसतें फडफडूं लागतें, त्यांत वारा भरत नाहीं. एक दोरी सुटली तर निभावून नेतां येतें. तीन सुटल्या म्हणजे गलबत ज्या झोकांड्या खातें, त्याच गुत्त्यांतून बाहेर पडलेला खलाशी खातो.

आंकडा येथें शोभेसाठीं नाहीं. स्टीव्हन्सनच्या १८८३ सालच्या ‘ट्रेझर आयलंड’मध्यें लाँग जॉन सिल्व्हर एकाच दोरीची भाषा बोलतो, आपली माणसें जराशी झिंगलेलीं होतीं असें प्रतिपक्षाला वाटत असेल, एवढाच त्याचा आशय. तेव्हां एकीसाठीं ‘थोडी चढलेली’ आणि तिहींसाठीं ‘झोकांड्या खाणारा’ असा भेद भाषांतरकारानें राखलाच पाहिजे. पवनचक्कीच्या चारपैकीं तीनच पात्यांवर कापड चढवल्यास ती डळमळते, अशीही एक उपपत्ति सांगतात. ऐकावयास ती गोड आहे. पण सिल्व्हरची एकच दोरी तिनें उलगडत नाहीं.

१८२१ सालच्या ‘रिअल लाइफ इन लंडन’ या पुस्तकांत हा प्रयोग छापलेला आढळतो. तेथें ‘टु’ नसून ‘इन’ आहे, म्हणजे दोऱ्या वाऱ्यांत उडत आहेत. जुनें रूप हेंच. त्या काळीं ब्रिटिश आरमारांत प्रत्येक खलाशाला रोज अर्धा पाइंट रम सरकारी खर्चानें मिळे, म्हणजे पाव लिटरहून कांहीं अधिकच! १६५५ सालीं जमेका बेट इंग्रजांच्या हातीं आल्यापासून रमचा हा प्रघात वाढत गेला. १७४० सालीं अ‍ॅडमिरल व्हर्नन यानें तींत चौपट पाणी घालून ती दोन वेळां वांटण्याचा हुकूम काढला. व्हर्नन ‘ग्रोग्रॅम’ नांवाच्या जाड्याभरड्या कापडाचा झगा वापरी, म्हणून खलाशी त्याला ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणत. तेंच नांव त्यांनीं या पाणचट रमला देऊन सूड उगवला. आज झोपेनें जड झालेला इंग्रज स्वतःला ‘ग्रॉगी’ म्हणवतो, तो शब्द त्यांतलाच. १८२४ सालीं रमचें माप निम्म्यावर आलें, आणि ३१ जुलै १९७० रोजीं आरमारांत तिचा शेवटचा पेला वांटला गेला.