घरचे कारले : आहारात हवे, औषधाच्या जागी नको

मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात औषधांची चिठ्ठी हाती पडल्यानंतर रुग्ण अथवा त्यांचे नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात : "कारल्याचा रस घेतला तर चालेल ना?" काहींनी तो आधीच सुरू केलेला असतो, तर काहींनी त्याच्या भरवशावर गोळ्याही थांबविलेल्या असतात. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणे नेहमीच शक्य होत नाही. म्हणून कारल्याची घरगुती लागवड, त्याचे पदार्थ आणि मधुमेहातील त्याचे नेमके स्थान यांविषयीची माहिती येथे एकत्रित देत आहोत.

परसबागेतील लागवड

भोंडल्याच्या एका सुपरिचित गाण्यातील सासू माहेरी जाऊ पाहणाऱ्या सुनेला कारल्याचे बी पेरण्यापासून भाजी होईपर्यंत थांबवून ठेवते. प्रत्यक्षातही बी पेरल्यापासून पहिली कारली हाती येईपर्यंत साधारणपणे दोन महिने लागतात.

कारल्याला उष्ण हवा मानवते. जून-जुलै आणि जानेवारी-फेब्रुवारी हे लागवडीचे दोन हंगाम होत. बियांचे कवच कठीण असल्याने त्या रात्रभर पाण्यात भिजवून सुमारे एक इंच खोल पेराव्यात. अंगण नसल्यास गच्चीवर किंवा सज्जात, पाण्याचा निचरा होणारी पंधरा ते अठरा इंचांची कुंडी पुरते. निम्मी माती व निम्मे चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत घ्यावे. वेल हाताएवढा होताच त्याला दोरीचा अथवा मांडवाचा आधार द्यावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे 'हिरकणी' व 'फुले ग्रीन गोल्ड' आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'कोकण तारा' हे आपल्याकडील परिचित वाण आहेत.

एकाच वेलावर नर व मादी अशी दोन प्रकारची फुले येतात. आरंभी बहुतेक नर फुलेच दिसतात, त्यामुळे ती गळून पडली तरी निराश होऊ नये. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे कारले असते. उंच इमारतींत मधमाश्या कमी येत असल्यास सकाळी नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. फळमाशी ही या वेलाची मोठी शत्रू होय. ती कोवळ्या फळात अंडी घालते व फळ आतून सडते. कोवळ्या फळांना कागदी पिशवी बांधणे आणि किडकी फळे वेलाखाली पडू न देता नष्ट करणे, हे घरापुरते पुरेसे उपाय आहेत. फळे हिरवी व आतील बी कोवळे असतानाच तोडावीत.

स्वयंपाकघरात

कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, असे आपण म्हणतो. तथापि हा कडूपणा कमी करता येतो. चकत्यांना मीठ चोळून अर्धा तास ठेवल्यास कडू पाणी सुटते. ते पिळून टाकल्यावर चकत्या एकदा साध्या पाण्याने धुवाव्यात, म्हणजे जास्तीचे मीठ निघून जाते. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी हे विशेष आवश्यक आहे. मात्र या पाण्याबरोबर क जीवनसत्त्वाचाही काही अंश वाहून जातो, म्हणून ज्यांना थोडा कडूपणा चालतो त्यांनी पिळू नये हे उत्तम.

थोड्या तेलावर मोहरी, हिंग व हळदीची फोडणी करून मंद आचेवर परतलेल्या काचऱ्या. दाण्याचे कूट, तीळ, सुके खोबरे व गोडा मसाला भरून केलेली भरली कारली. किंवा चिंच-गुळाची रसभाजी, हे आपल्या घरांतील रूढ प्रकार आहेत. मधुमेही व्यक्तीच्या पानात यांपैकी काहीही वाढताना एक विसरू नये : गूळ हीसुद्धा साखरच आहे. कारल्यात घातला म्हणून त्याचा परिणाम टळत नाही. भरपूर तेलात तळलेल्या कारल्यांनाही हेच लागू होते. मुळात शंभर ग्रॅम कच्च्या कारल्यात वीसहून कमी कॅलरी आणि सुमारे नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. त्याचा हा हलकेपणा राखणे आपल्याच हाती आहे.

मधुमेह आणि कारले

कारल्यात रक्तशर्करा कमी करू शकणारे काही घटक आहेत, हे खरे. त्यांपैकी इन्सुलिनसदृश असे एक प्रथिन भारतीय संशोधकांनी वेगळे केल्याचे 1981 साली प्रसिद्ध झाले; परंतु त्याचा परिणाम ते टोचून दिल्यावर पाहण्यात आला होता. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या थायलंडमधील चार आठवड्यांच्या चाचणीत, रोज 2000 मिलिग्रॅम वाळवलेले कारले घेणाऱ्यांची शर्करा काहीशी उतरली. मात्र रोज 1000 मिलिग्रॅम मेटफॉर्मिन घेणाऱ्यांइतकी नव्हे. कॉक्रेन या संस्थेने 2012 साली चार चाचण्यांतील 479 रुग्णांची माहिती तपासली व कारल्याची उपचार म्हणून शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचा निष्कर्ष काढला.

म्हणजेच कारले ही उत्तम भाजी आहे. गोळ्यांचा किंवा इन्सुलिनचा पर्याय नाही. उपचार थांबविल्यास वाढलेली शर्करा बराच काळ कोणतीही वेदना न देता डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा यांची हानी करीत राहते. ती लक्षात येते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

रस घेण्यापूर्वी

याउलट, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांसोबत अधिक प्रमाणात रस घेतल्यास शर्करा प्रमाणाबाहेर उतरू शकते. घाम, थरथर, छातीत धडधड व गोंधळलेपणा ही तिची लक्षणे होत. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी शर्करा पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही न देता त्वरित रुग्णालयात आणावे.

दुधी भोपळा व कारले यांचा एकत्र रस कदापि घेऊ नये. कडू दुधी विषारी असू शकतो आणि त्याची कडू चव हीच धोक्याची खूण असते. कारल्याच्या कडूपणात ती लपून जाते. 2010 साली दिल्लीत असा मिश्र रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने दुधीचा रस इतर कोणत्याही रसात मिसळू नये, असे सुचविले. रसानंतर उलट्या, जुलाब अथवा पोटदुखी सुरू झाल्यास वेळ न दवडता रुग्णालयात यावे.

गर्भवती स्त्रियांनी आणि लहान मुलांना कारल्याचा रस वा चूर्ण औषध म्हणून घेऊ वा देऊ नये.

नातेवाईकांना एक विनंती : घरी रस, चूर्ण किंवा काढा सुरू असल्यास तो किती व केव्हा घेतला जातो, हे तपासणीच्या वेळी संकोच न करता सांगावे. त्याबद्दल कोणीही रागावणार नाही. त्या माहितीवरूनच औषधाची मात्रा योग्य ठरविता येते. आणि वेलावरची कारली उतरली की त्यांची भाजी रुग्णाने सर्वांच्या पंक्तीत बसून अवश्य खावी. गोळी मात्र ठरल्या वेळी घ्यावी.