सेल्फ का फिरत नाही?

जुन्या जीपचे पेट्रोल इंजिन उतरवून तिच्यात डिझेल इंजिन बसवण्याचा उद्योग आपल्याकडे पुष्कळांनी केला आहे. इंजिन बसते, नळ्या जोडल्या जातात, तेल-पाणी होते. मालक किल्ली फिरवतो आणि नुसता 'कट्' असा आवाज होऊन सारे थंड! मग दिवे लावून पाहतात. दिवे लख्ख. म्हणजे बॅटरी ठीक. तेव्हा दोष सेल्फचाच, असा निकाल लागतो आणि सेल्फ खोलला जातो. गाडीवर ज्याचे पोट आहे, त्याचे यात दिवसही जातात आणि पैसेही. हा निकाल कोठे चुकतो, ते आपण पाहू.

विजेचा स्टार्टर, म्हणजे आपला सेल्फ, चार्ल्स केटरिंग यांच्या खटपटीने 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत आला. त्यापूर्वी बहुतेक मोटारींना हँडल मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडण्याची भीती. आजच्या सेल्फमध्ये किल्ली फिरवली, की बारीक तारेतून थोडीशी वीज सोलेनॉइडकडे जाते. सोलेनॉइड दोन कामे करतो. सेल्फचे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत ढकलतो आणि बॅटरीची जाड केबल मोटरला जोडून देतो. 'कट्' हा आवाज त्याचाच. तेव्हा आवाज आला म्हणजे बारीक तारेने आपले काम केले. अडले आहे ते बहुधा जाड वाटेवर.

ही जाड वाट एकेरी नसते, हे आपण विसरतो. वीज जितकी जाते तितकीच परत यावी लागते. जाण्याची केबल सर्वांना दिसते. परतीची वाट मात्र इंजिनाच्या धातूतून, तेथून तारांच्या विणलेल्या एका पट्टीवरून चासीवर आणि चासीवरून बॅटरीकडे, अशी असते. इंजिन बसलेले असते रबराच्या पायांवर, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून ती पट्टी. इंजिन उतरवताना ती सोडावी लागते. बसवताना ती कोपऱ्यात पडून राहते, नाहीतर रंगवलेल्या पत्र्यावर आवळली जाते. रंग म्हणजे विजेच्या वाटेत भिंतच! मग वीज ॲक्सिलरेटरच्या नाहीतर चोकच्या तारेवरून वाट काढते. ती तार तापली किंवा धुरावली, तर चोर सापडलाच म्हणून समजा.

मग दिवे कसे लागतात? दिव्यांची वीज चासीवरूनच परत जाते. तिला ही पट्टी लागतच नाही. आणि बॅटरीवरचाच सांधा गंजलेला असला तरी दिवा फसवतो. ओहमचा नियम शिकवताना विद्यार्थी विचारतात, 'सर, याचा उपयोग काय?' उपयोग येथे आहे. सांध्याचा रोध ओहमचा अवघा पन्नासावा भाग धरा. दिवा सुमारे 5 अँपिअर घेतो. तेव्हा सांध्यात दशांश व्होल्ट जातो, डोळ्याला कळतही नाही. सेल्फला 200 अँपिअर हवे असले, तर तेवढ्याच रोधावर 4 व्होल्ट खर्ची पडू पाहतात. बारातून चार गेले, तर मोटरने फिरावे कशावर? त्यातून डिझेल इंजिन हवा जास्त दाबते, म्हणून त्याचा सेल्फ वीजही जास्त मागतो. पेट्रोल इंजिनाची जुनी केबल त्याला बारीक पडते.

तपासणी सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवा आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला, तर परतीची वाट खराब. धन खुंटी आणि सेल्फचा जाड बोल्ट यांच्यामध्येही असेच पाहावे. बॅटरीच्या दोन खुंट्यांमधला दाब त्या वेळी साडेनऊ व्होल्टच्या खाली येत असेल, तर मात्र बॅटरी दुबळी आहे. सांधे साफ करण्यापूर्वी ऋण केबल काढून ठेवावी. पान्याने दोन खुंट्या जोडल्या गेल्या, तर ठिणगी उडते आणि बॅटरीतला वायू पेट घेऊ शकतो.

कानही उपयोगी पडतो. 'कटकटकट' असा सलग आवाज म्हणजे दाब कमी पडतो आहे. मोटर भुर्रकन फिरते पण इंजिन हलत नाही, किंवा दाते खरडतात, तर वीज ठीक आहे. सेल्फ आणि फ्लायव्हील यांची जोडी जमलेली नाही. काहीच आवाज नाही, तर बारीक तार आणि स्विच पाहावा.

काल चालणारे यंत्र हात लावल्यावर अडले, तर हात जेथे लागला तेथून शोधाला सुरुवात करावी. पट्टीखालचा रंग खरवडायला पॉलिश पेपरचा एक तुकडा पुरतो. नव्या सेल्फसाठी खिशात हात घालण्यापूर्वी तेवढे करून पाहावे.