प्रशिक्षक बाबा आणि मुलाचे कोपर

अमेरिकेत मुलांच्या बेसबॉल संघाचे प्रशिक्षक बहुधा खेळाडूंचेच आई-वडील असतात, तेही विनामोबदला. पण घरातलाच प्रशिक्षक असला, की चेंडू फेकून कोपर दुखू लागले तरी मूल गप्प बसते. बाबा नाराज होतील, ही भीती!

वाढत्या वयात कोपराच्या आतील बाजूचे हाड जिथे वाढते, तिथे मऊ कूर्चा असते. वारंवार जोराने चेंडू फेकल्यास ती ताणली जाते, दुखते. क्वचित हाडाचा तुकडाही सुटतो. म्हणूनच तेथील 'लिटल लीग' या संस्थेने २००७ पासून सामन्यातील फेकी मोजण्याचा नियम केला. एका दिवसात ९-१० वर्षांच्या मुलाला ७५, तर ११-१२ वर्षांच्या मुलाला ८५ फेकींची मर्यादा. ६६ किंवा अधिक फेकी झाल्यास चार दिवस विश्रांती सक्तीची.

आपल्याकडे मुलांना क्रिकेट शिकविणाऱ्या पालकांनीही चेंडू मोजावेत. वेगवान गोलंदाजीत कंबर जपावी लागते. 'किती बळी घेतलेस?' याआधी 'कुठे दुखते का?' असे विचारावे. दुखत असल्यास गोळी देऊन खेळवू नये. गोलंदाजी थांबवून डॉक्टरांना दाखवावे.