गिटार घडविणारे हात

मैफल संपली म्हणजे टाळ्या वादकास मिळतात, आणि त्या त्यालाच मिळाव्यात हें योग्य आहे. एखादा चौकस श्रोता फार तर वाद्याच्या माथ्यावरील अक्षरें वाचतो आणि ‘अमुक कंपनीची गिटार दिसते’ असें शेजाऱ्यास सांगतो. परंतु ती गिटार ज्यांच्या हातांखालून गेली, त्यांपैकीं एकाचेंहि नांव त्या लाकडावर कोठें आढळत नाहीं. कारखान्यांत जन्मणाऱ्या वाद्याचे जन्मदाते पुष्कळ असतात. नांव मात्र एकाचेंच लागतें. या पुष्कळांचें काम कसें चालतें, त्याला कोणते गुण लागतात आणि त्याच्या मोबदल्यांत त्यांच्या पदरीं काय पडतें, याचा विचार मनोरंजक तर आहेच, पण थोडा अंतर्मुख करणाराहि आहे.

यासाठीं अमेरिकेंतील एका जुन्या कारखान्याचें उदाहरण घेणें सोयीचें होईल. पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत नॅझरेथ नांवाचें एक लहानसें गांव आहे. त्या परिसरांत मार्टिन घराण्याचा गिटारींचा उद्योग १८३९ पासून चालू आहे. याचा मूळ पुरुष ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा १७९६ सालीं जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत मार्कनॉयकिर्शेन येथें जन्मला. घराणें लांकूडकाम करणारांचें. तरुणपणीं त्यानें व्हिएन्ना येथें श्टाउफर या नामांकित कारागिराच्या हाताखालीं गिटारी करण्याची विद्या संपादन केली. परंतु गांवीं परतल्यावर एक विलक्षण तंटा त्याची वाट पाहत होता. त्या काळीं युरोपांत प्रत्येक धंद्याची श्रेणी असे, आणि एका श्रेणीचें काम दुसरीनें करूं नये असा दंडक असे. व्हायोलिन करणारांच्या श्रेणीनें तक्रार केली कीं, गिटार हें वाद्य आहे; वाद्यें घडविणें हें कलावंतांचें काम आहे; मेज-कपाटें करणाऱ्या सुतारांनीं त्यांत हात घालूं नये. कज्जा कित्येक वर्षें चालला. शेवटीं सुतारांचा हक्क मान्य झाला, पण अशा वातावरणांत आपला उत्कर्ष नाहीं हें ओळखून मार्टिन १८३३ सालीं न्यूयॉर्कला गेला आणि कांहीं वर्षांनीं नॅझरेथजवळ स्थायिक झाला.

गिटार करणारा हा सुतार कीं कलावंत, हा त्या तंट्याचा प्रश्न होता. न्यायासनानें त्याचा निकाल हक्कापुरता लावला. खरा निकाल काम पाहिल्यावरच लागतो.

प्रथम या वाद्यांतील मूळ अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. पोलादी तारांची गिटार सुरांत लावली म्हणजे तिच्या सहा तारा मिळून सुमारें १६० ते १८० रत्तल जोर लावतात. म्हणजे एका धडधाकट पुरुषाचें वजन त्या नाजूक पेटीस रात्रंदिवस ओढत असतें. सतारीच्या भाषेंत जिला तबली म्हणतात, ती गिटारीची वरची फळी मात्र इंचाच्या अष्टमांशाहूनहि पातळ असते. ती जाड ठेवली तर वाद्य शंभर वर्षें टिकेल, पण बोलणार नाहीं. फार पातळ केली तर पहिल्या वर्षीं गोड बोलेल आणि पुढें घोडीपाशीं फुगून किंवा खचून निकामी होईल. गिटारीच्या कारागिराचें सगळें आयुष्य या दोन चुकांमधील चिंचोळ्या वाटेवर जातें. तबलीला आंतून आधार म्हणून लांकडी पट्ट्या चिकटवितात. मार्टिनच्या कारखान्यांत १८४० नंतरच्या दशकांत या पट्ट्या फुलीच्या आकारांत बसविण्याची पद्धत रूढ होऊं लागली. त्या वेळीं गिटारीला आंतड्याच्या हलक्या तारा असत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत पोलादी तारा सर्रास आल्या, तेव्हां हीच फुली त्यांचा ताण सोसण्यास समर्थ ठरली, आणि आज जगांतील बहुतेक पोलादी तारांच्या गिटारी याच रचनेवर उभ्या आहेत.

कारखान्यांतील पहिलें काम म्हणजे लांकूड पारखणें. तबलीसाठीं स्प्रूस नांवाच्या सूचिपर्णी वृक्षाचें लांकूड घेतात. ओंडका अशा रीतीनें चिरतात कीं, त्याच्या रेषा फळींत उभ्या व समांतर याव्यात. एकाच तुकड्याच्या दोन पातळ फळ्या काढून त्या पुस्तकाचीं दोन पानें उघडावींत तशा शेजारीं शेजारीं ठेवून जोडतात. त्यामुळें डावी व उजवी बाजू एकमेकींचें प्रतिबिंब दिसतात. जाणता कामगार फळी दोन बोटांत धरून टिचकी मारतो आणि तिचा नाद ऐकतो. हा नाद शब्दांत शिकवितां येत नाहीं. नवख्यानें जुन्याजवळ उभें राहून, हजार फळ्या ऐकून तो कान तयार करावयाचा असतो.

दुसरा सावधपणा हवेचा. लांकूड कापून वाळविलें तरी तें हवेंतील ओल शोषतें आणि पुन्हां सोडतें. त्याबरोबर फुगतें आणि आकसतें. म्हणून अशा कारखान्यांत हवेंतील ओलाव्याचें प्रमाण शेंकडा ४५ ते ५० च्या आंत-बाहेर राखतात. बाहेर बर्फ पडो कीं उन्हाळा असो, आंतील हवा तीच. मुंबईच्या पावसाळ्यांत ज्यांच्या घरचा तंबोरा बिघडला असेल, त्यांना या काळजीचें मर्म सांगावें लागणार नाहीं.

पेटीच्या बगला वांकविणें हें पाहणारास जादूसारखें वाटतें. पातळ पट्टी भिजवून तापलेल्या लोखंडी नळीवर हलके हलके दाबीत कारागीर तिला कमरेचा बांक देतो. घाई केली तर पट्टी तडकते. फार रेंगाळलें तर करपते. पुष्कळ ठिकाणीं आतां हें काम तापविलेल्या सांच्यांत होतें. त्यानंतर बगलेच्या आंतल्या कडेनें खांचा पाडलेली एक पट्टी सरसानें चिकटवितात, म्हणजे तबली व पाठ बसविण्यास रुंद कड मिळते. ती पट्टी वाळेपर्यंत दाबून धरण्यासाठीं नॅझरेथच्या कारखान्यांत काय वापरतात? धुणें वाळत घालण्याचे साधे लांकडी चिमटे! लक्षावधी रुपयांचीं यंत्रें असलेल्या शाळेंत पेटीभोंवतीं ओळीनें लावलेले ते चिमटे पाहून परक्यास हंसूं येतें. परंतु काम नेमकें होत असेल तर हत्यार साधें आहे म्हणून तें टाकूं नये, हा कारागिरांचा जुना शहाणपणा त्यांत आहे.

सर्वांत कठीण समजतात तें दांडी बसविण्याचें काम. दांडीच्या टोंकास कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखा आकार देऊन तो पेटींतील तशाच खोबणींत बसवितात. यंत्रानें दोन्ही भाग कापले तरी ते एकमेकांत तंतोतंत बसत नाहींत. मग कामगार सांध्याला खडू लावतो, दांडी बसवून पाहतो, काढतो, जेथें खूण उठली असेल तेथें पटाशीनें केंसभर लांकूड काढतो, आणि पुन्हां बसवितो. असें कित्येक वेळां. दांडीचा कोन किंचित् चुकला तर तारा पडद्यांपासून उंच राहतात आणि वादकाचीं बोटें दुखतात. उलट बाजूस चुकला तर तारा पडद्यांवर खडखडतात. हा दोष कामगाराच्या मेजावर दिसत नाहीं. तारा चढल्यावर, कधीं कधीं कांहीं वर्षांनीं, दिसतो. त्या वेळीं तो कोणाच्या हातचा हें कोणी विचारीतहि नाहीं. म्हणून या कामांत पहारेकऱ्यापेक्षां स्वतःची लाज अधिक उपयोगी पडते.

यानंतर रोगणाचे थर, प्रत्येक थरानंतर घांसणें, झिलई, घोडी चिकटविणें, खुंट्या, तारा आणि शेवटची परीक्षा. असे शेंकडों टप्पे असतात, आणि प्रत्येक टप्प्यावर माणूस निराळा असतो. येथेंच कारखाना आणि उस्तादाची शाळा यांतील भेद स्पष्ट होतो. मिरजेस शिकलगारांच्या घरांतून सतारी व तंबोरे होतात. तेथें भोपळ्यापासून जवारीपर्यंत सर्व काम एका घराच्या नजरेखालीं होतें आणि वाद्य त्या घराच्या नांवानें ओळखलें जातें. कारखान्यांतील माणूस मात्र दहा-दहा वर्षें केवळ पट्ट्या तासतो किंवा केवळ पडदे बसवितो. त्या एका कामांत त्याचा हात असा बसतो कीं, स्वतंत्र उस्तादासहि तो सहज साधावयाचा नाहीं. पण संपूर्ण वाद्य आपल्या हातचें आहे असें त्याला कधींच म्हणतां येत नाहीं. कौशल्य वाढतें आणि दृष्टि अरुंद होते, असा हा सौदा आहे.

अलीकडे गणकयंत्रांनीं चालणारीं कापणीयंत्रें आलीं आहेत. दांड्या कोरणें, फळ्या ठराविक आकारांत कापणें, मोठ्या कारखान्यांतून झिलई करणें हीं कामें यंत्रें करतात. त्याबद्दल सरसकट शोक करण्याचें कारण नाहीं. तींच तींच श्रमाचीं कामें करून मनगटें व खांदे कायमचे दुखावत. शिसवी लांकडाच्या बारीक धुळीनें कित्येकांच्या अंगास खाज सुटे व दमा जडे. रोगणाच्या वाफा छातींत जात. त्यांतून सुटका झाली हें चांगलेंच. जेथें प्रत्येक लांकडाचा स्वभाव निराळा असतो, तेथें मात्र यंत्र थांबतें आणि बोटें पुढें होतात. तासलेल्या पट्टीचा शेवटचा आकार आणि दांडीचा शेवटचा कोन आजहि हातच ठरवितात.

परंतु कुशल हातांनाहि पोट असतें, आणि गिटारीचा धंदा लोकांच्या आवडीवर चढतो व उतरतो. अमेरिकन तरुणांत लोकगीतांची लाट उसळली तेव्हां मागणी इतकी वाढली कीं, मार्टिन कंपनीस १९६४ सालीं नवा कारखाना उभारावा लागला, आणि १९७१ मध्यें वर्षाचें उत्पादन बावीस हजारांवर गेलें. मग आवड पालटली. १९८२ सालीं तोच आंकडा तीन हजारांच्या आसपास घसरला. मधल्या काळांत, १९७७ सालीं, कामगारांनीं संप पुकारला आणि तो पुढील वर्षापर्यंत रेंगाळला. गांव लहान, आणि एकाच घरांतील बाप-लेक त्याच कारखान्यांत असण्याचा प्रघात. अशा ठिकाणीं संपाची झळ प्रत्येक उंबरठ्यास लागते. कलेच्या वस्तु घडविणारा मजूर कलेच्या आनंदावरच तृप्त राहतो, ही समजूत किती भोळी आहे हें अशा वेळीं कळून येतें.

नांव आणि हात यांची ताटातूट किती दूर जाऊं शकते, याचें आणखी एक उदाहरण मार्टिनच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे मिशिगन संस्थानांतील कॅलमझू येथील गिब्सन कंपनीच्या, इतिहासांत सांपडतें. दुसऱ्या महायुद्धांत तेथील पुरुष कारागीर सैन्यांत गेले आणि त्यांच्या जागीं गांवांतील स्त्रिया कामास लागल्या. युद्धकाळांत तेथें गिटारी जवळजवळ झाल्याच नाहींत, असा समज पुढें पुष्कळ वर्षें प्रचलित होता. वस्तुतः १९४२ ते १९४५ या काळांत त्या स्त्रियांनीं हजारों गिटारी तयार केल्या. जॉन थॉमस या अमेरिकन लेखकानें त्यांपैकीं हयात असलेल्या स्त्रियांचा शोध घेऊन २०१३ सालीं त्यांची हकीकत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. त्यानें या वाद्यांचीं क्ष-किरणांनीं चित्रें घेतलीं, आणि आंतील भाग अधिक नाजूक व सफाईनें केलेले आहेत असा निष्कर्ष मांडला. ज्यांचें काम झालेंच नाहीं असें म्हटलें जात होतें, त्यांचीं वाद्यें आज संग्राहक मोठ्या किंमतीस घेतात.

या सर्व व्यवहारांत महाराष्ट्राचा शेजार एका अनपेक्षित वाटेनें येतो. पूर्वीं गिटारीची पाठ व बगला ब्राझीलमधील शिसवाच्या करीत. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील ओंडक्यांची निर्यात बंद झाली, आणि नॅझरेथच्या कारखान्यानें भारतीय शिसव पत्करला. ज्या काळ्या शिसवाचे पलंग व कपाटें जुन्या मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या जपलीं जातात, त्याच जातीचें दक्षिण हिंदुस्थानांतील लांकूड सातासमुद्रांपलीकडे गिटारीची पाठ होऊन बसलें. पण हें झाडहि अक्षय नाहीं. २०१७ सालीं या वंशाच्या सर्व वृक्षांचा व्यापार आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखालीं आला. २०१९ मध्यें तयार वाद्यांस त्यांतून सवलत मिळाली, तरी लांकडावरील निर्बंध राहिले. त्यामुळें हातांतील फळी वायां न घालविणें ही आतां कामगाराची केवळ काटकसर राहिलेली नसून तें त्याचें कर्तव्य झालें आहे.

१९९० सालीं मार्टिन कंपनीची पांच लक्षावी गिटार तयार झाली, तेव्हां तिच्यावर कारखान्यांतील सर्व कामगारांनीं आपापल्या सह्या केल्या. पहिल्या गिटारीपासून त्या दिवसापर्यंत दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. बाकीच्या लाखों वाद्यांवर तशा सह्या नाहींत. तथापि त्या वाचण्याचा एक मार्ग आहे. घरांत गिटार असेल तर तारा थोड्या बाजूस सारून तिच्या गोल छिद्रांतून आंत दिवा दाखवावा. तेथें तासलेल्या पट्ट्यांची फुली दिसेल, बगलेच्या कडेची खांचांची पट्टी दिसेल, एखाद्या सांध्यापाशीं सुकलेला सरसाचा थेंब दिसेल. तो भाग कोणी पाहणार नाहीं हें ठाऊक असूनहि जर तो नीटनेटका आढळला, तर सुतार कीं कलावंत या जुन्या प्रश्नाचें उत्तर पाहणारानें आपलें आपणच द्यावें.