वाट आणि वाहन (लेखांक सहावा) : पाऊण टनाची गाडी

मुरबाड तालुक्याला लोहमार्ग नाही. 1854 मध्ये बोरीबंदरहून निघालेली आगगाडी कल्याणपर्यंत आली आणि 1861 च्या आरंभी कसाऱ्याला जाऊन भिडली, तेव्हा तिच्या वाटेवर शेजारचा शहापूर तालुका पडला. आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके झाली, आणि तेथल्या भाताला, गवताला व लाकडाला मुंबईची वाट सापडली. कल्याणच्या पूर्वेस अवघ्या तीस किलोमीटरांच्या आसपास असलेले मुरबाड मात्र त्या वाटेच्या बाहेर राहिले, ते आजतागायत. कल्याण-मुरबाड मार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या होत आली, त्यासाठी दरखास्ती गेल्या, आश्वासनेही मिळाली; पण मुरबाडच्या भूमीवरून आगगाडी अजून धावलेली नाही. सबब, इतर तालुक्यांत जे काम मालडब्याने केले, ते येथे रस्त्यावरच्या वाहनाला करावे लागले, आणि त्यातही सर्वाधिक भार ज्याने वाहिला ते वाहन आकाराने अगदी सामान्य, दिसण्यात अनाकर्षक आणि म्हणूनच इतिहासकारांच्या दृष्टीतून निसटलेले असे आहे. ते वाहन म्हणजे टेंपो, आणि त्याचा वंशविस्तार हा आजच्या लेखांकाचा विषय आहे.

बैलगाडी आणि मालमोटार यांच्यामधल्या पोकळीचा उल्लेख मागील लेखांकात ओझरता झाला होता. तो येथे थोडा विस्ताराने करणे अवश्य आहे. धसई, टोकावडे किंवा सरळगाव या पट्ट्यातला जो शेतकरी भातकापणीनंतर एक-दीड एकरात भेंडी, काकडी किंवा कारली लावतो, त्याचा एका दिवसाचा तोडा काही क्विंटलांपलीकडे जात नाही. तेवढे ओझे बैलगाडी सुखेनैव वाहील, परंतु संध्याकाळी जुंपलेली गाडी कल्याणच्या बाजारात पोहोचेपर्यंत रात्र उलटते आणि भेंडीचा तजेला उतरतो. मालमोटार लवकर पोहोचवील, परंतु तिचा हौदा भरायचा तर गावातल्या वीस-पंचवीस घरांचा माल एकाच दिवशी एकाच नाक्यावर गोळा व्हावा लागतो. तो गोळा करणारा जो मध्यस्थ, त्याच्या हाती मग भावही जातो आणि पट्टीही जाते. बैलगाडीएवढे ओझे मोटारीच्या गतीने नेणारे साधन नव्हते, तोवर लहान शेतकऱ्याचा माल बाजारात गेला तरी शेतकरी स्वतः बाजारात पोहोचला नाही. माझ्या मते या तालुक्याच्या अर्थव्यवहाराचा अर्धा इतिहास या एका वाक्यात आहे.

असे साधन प्रथम जेथे घडले ते स्थळ आपल्यापासून फार दूरचे, जर्मनीतील हांबुर्ग शहर. तेथील विडाल आणि पुत्र या पेढीने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस 'टेंपो' या नावाने तीन चाकांच्या लहान मालगाड्या बनविण्यास आरंभ केला. या गाड्यांना तीनच चाके का, याचे उत्तर यंत्रशास्त्रापेक्षा कायद्यात अधिक सापडते. 1928 पासून जर्मन कायद्याने अशी सवलत दिली होती की, ज्या वाहनाला चारांपेक्षा कमी चाके आहेत आणि ज्याचे इंजिन 200 घनसेंटिमीटरांपेक्षा मोठे नाही, त्याला कर नाही आणि ते चालविणाऱ्याला परवान्याची गरज नाही. बेकरीवाला, भाजीवाला, कोळसेवाला अशा लहान व्यावसायिकांना मोटार परवडावी, हा त्या सवलतीचा परिणाम. आणि त्या सवलतीच्या चौकटीत नेमके बसेल असे वाहन घडविणे, हे विडाल यांचे चातुर्य. पुढे 1930 नंतरच्या नमुन्यांत त्यांनी इंजिन पुढच्या एकट्या चाकावर बसविले आणि त्याच चाकाला गती दिली. त्यामुळे मागच्या दोन चाकांना यंत्राशी काही कर्तव्य उरले नाही. ती केवळ ओझे पेलू लागली, आणि हौद्याची तळफळी जमिनीच्या जवळ आणता आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर, 1949 मध्ये, याच परंपरेतला 'हान्सिआट' हा नमुना निघाला. दोन सिलिंडरांचे, सुमारे 400 घनसेंटिमीटरांचे, पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारे दोन-ठोकी इंजिन, तीन चाके, आणि पाऊण टनाच्या आसपास माल वाहण्याची क्षमता. जर्मनीत त्याचे उत्पादन 1956 मध्ये थांबले, कारण युद्धोत्तर समृद्धीत तेथील दुकानदाराला चार चाकांची गाडी परवडू लागली होती. तेथे ज्याचा काळ संपला, त्याचा येथे आरंभ व्हायचा होता.

तो आरंभ करणारे गृहस्थ अहमदनगरचे नवलमल कुंदनमल फिरोदिया. त्यांचे वडील कुंदनमल हे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झालेले, आणि नवलमल स्वतः स्वातंत्र्यचळवळीत पडलेले. माणसाने माणसाला ओढण्याच्या रिक्षेऐवजी तीनचाकी मोटार-रिक्षा आणावी, हा ध्यास त्यांनी स्वातंत्र्याच्या प्रारंभकाळातच घेतला होता. लोकांच्या चळवळीतून आलेला मनुष्य जेव्हा कारखानदारीकडे वळतो, तेव्हा त्याच्या दृष्टीपुढे बंगल्यातली मोटार प्रथम येत नाही. रस्त्यावरचा कष्टकरी येतो, हे मला या ठिकाणी आवर्जून नमूद करावेसे वाटते. 1958 मध्ये बजाज टेंपो ही कंपनी स्थापन झाली आणि विडाल यांच्या तांत्रिक सहकार्याने मुंबईच्या गोरेगावात हान्सिआट तयार होऊ लागला. पुढे कारखान्याचे बस्तान पुण्याजवळच्या आकुर्डीत बसले. जर्मनीत जो नमुना सात वर्षे टिकला, तो महाराष्ट्रात शतकाच्या अखेरपर्यंत टिकला.

परंतु या गाडीचा एक स्वभावदोष मुरबाड-शहापूरच्या भूगोलाशी प्रत्यक्ष संबंधित असल्यामुळे समजून घेतला पाहिजे. वाहन चढावर लागले की त्याचे वजन मागे सरकते. हान्सिआटची ओढ पुढच्या एकट्या चाकात; मागे हौद्यात पाऊण टन माल; अशा स्थितीत चढावर पुढचे चाक हलके होते, जमिनीवरची त्याची पकड सुटते, आणि इंजिनात जोर शिल्लक असूनही चाक जागच्या जागी फिरत राहते. चिखलात हा दोष दुणावतो. अशा गाडीला अवघड चढ उलट्या गतीने, म्हणजे रिव्हर्समध्ये चढविणे का सोपे जाते, त्याचे गणित यातच आहे: गाडी उलटी केली की ओढणारे चाक उताराच्या बाजूला येते आणि ओझे त्याच्यावर बसते. कल्याण ते मुरबाड हा रस्ता बहुतांशी सपाट, म्हणून तेथे तीनचाकीने काम भागवले. परंतु माळशेजचा घाट ही तिची मर्यादा होती, आणि किन्हवली-डोळखांबच्या डोंगराळ अंगाला पावसाळ्यात तिची गती काय झाली असेल, हे वेगळे सांगावयास नको.

ही उणीव काही अंशी भरून निघाली ती 1969 च्या सुमारास आलेल्या मॅटाडोरमुळे. मॅटाडोर हे नावही विडाल यांचेच. परंतु मधल्या काळात ती पेढी हॅनोमॅग या मोठ्या उद्योगाच्या ताब्यात गेली होती, आणि लवकरच हॅनोमॅगची गाड्यांची शाखा डायमलर-बेंझकडे गेली. जर्मनीत मालकी बदलत गेली तसतशी आकुर्डीच्या कारखान्याची सोयरिकही आपोआप वरच्या घराण्याशी जुळत गेली, आणि ऐंशीच्या दशकात मॅटाडोरला चक्क मर्सिडीजच्या मोटारीत वापरले जाणारे 2.4 लिटरचे डिझेल इंजिन मिळाले. चार चाके, टन-दीड टनाचे ओझे आणि न थकणारे डिझेल इंजिन, असा हा संयोग होता. गाडीची ओढ मात्र अजूनही पुढच्याच चाकांत होती, आणि त्याचा लाभ ज्याने प्रत्यक्ष हमाली केली आहे त्यालाच पुरता कळेल. मालमोटारीचा हौदा छातीच्या उंचीला असतो. तेथे पोते चढवायचे तर एकाने खालून द्यावे आणि दुसऱ्याने वरून घ्यावे लागते. मॅटाडोरच्या तळाखालून मागच्या चाकांना फिरवणारा दांडा जात नसल्यामुळे तिचा तळ खाली, मांडीच्या उंचीला आला. मागचा फाळका साखळ्या सोडून खाली पाडला की एकटा मनुष्य पाठीवरचे पोते वाकून आत ढकलू शकतो. माल चढवणाऱ्याचा एक माणूस वाचला, म्हणजे खेपेमागे एक मजुरी वाचली. लहान शेतकऱ्याच्या पट्टीत ही रक्कम क्षुल्लक नसते.

मॅटाडोरने या भागात काय काय वाहिले, याची यादी करू गेल्यास जागा पुरणार नाही. भाजी तर होतीच, त्याशिवाय वीटभट्टीकडे निघालेली कातकरी कुटुंबे, भांडीकुंडी आणि कोंबड्यांसह, मुंबईच्या तबेल्यांकडे जाणारे गवताचे भारे, गौरी-गणपतीच्या मूर्ती, लग्नाचे वऱ्हाड, आणि पौषात म्हशाच्या यात्रेला जाणारे दुकानदार व त्यांच्या घोंगड्यांचे गठ्ठे. माणसांची वाहतूक मालाच्या गाडीतून करणे कायद्याला संमत नाही आणि धोक्याचेही आहे. तथापि जेथे एस. टी. दिवसातून मोजक्या वेळा येते, तेथे लोकांनी कायद्यापेक्षा गरजेला मान दिला. त्याचा दोष मी त्यांच्या पदरात घालणार नाही.

येथे कायद्याचा दुसरा अध्याय सुरू होतो. 1939 च्या मोटार वाहन कायद्याखाली भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीला परिवहन प्राधिकरणाचा परवाना लागत असे. अर्ज, सुनावणी, हद्द, नूतनीकरण अशा कचेरीच्या फेऱ्यांमुळे गाडी घेणे पैशाच्या बाबतीत जितके कठीण होते, तितकेच ती रस्त्यावर आणणे कागदाच्या बाबतीत कठीण होते. 1988 चा नवा कायदा 1 जुलै 1989 पासून अमलात आला आणि त्यातील कलम 66 ने मालासह एकूण वजन 3,000 किलोपेक्षा अधिक नसलेल्या मालगाडीला परवान्याच्या बंधनातून मुक्त केले. या कलमाची चर्चा वृत्तपत्रांत फारशी झाली नाही. परंतु ग्रामीण वाहतुकीवर त्याचा जो परिणाम झाला तो अनेक गाजलेल्या योजनांहून मोठा आहे, असे माझे निश्चित मत आहे. जर्मनीत 1928 च्या सवलतीने तीनचाकी टेंपो जन्माला घातला; आपल्याकडे या कलमाने तीन टनांच्या आतल्या चारचाकीला मोकळे रान दिले.

त्या मोकळ्या रानात सर्वांत यशस्वी ठरलेली गाडी फिरोदियांच्या कारखान्यातली नव्हती. 2005 मध्ये टाटांनी 'एस' ही लहान मालगाडी बाजारात आणली. तिच्यात दोन सिलिंडरांचे सुमारे 700 घनसेंटिमीटरांचे डिझेल इंजिन, माल पाऊण टन आणि एकूण वजन दीड टनाच्या किंचित वर. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, सिलिंडरांची संख्या आणि मालाचे वजन जवळपास तेच आहे जे 1949 च्या हान्सिआटचे होते. अर्धशतकाच्या यांत्रिक प्रगतीनंतरही लहान व्यावसायिकाचे ओझे पाऊण टनच राहिले. बदलले ते चाकांचे गणित. एसला चार चाके असून ओढ मागच्या चाकांत आहे, त्यामुळे माल जितका अधिक तितकी चढावर पकड घट्ट. हान्सिआटचा जो दोष, तोच येथे उलटून गुण झाला. 'छोटा हत्ती' या नावाने ती नाक्यानाक्यावर उभी राहू लागली, आणि कर्ज काढून स्वतःच्या मालकीची गाडी चालविणारा तरुण हा मुरबाड-शहापूरच्या गावांतला एक नवा व्यवसायी वर्ग झाला. त्यानंतर महिंद्रांच्या पिकअपने अधिक ओझ्याचे काम उचलले. आज पहाटे कल्याणच्या रस्त्याला लागणारी भेंडीची क्रेट पाहिली तर बहुधा ती पिकअपमध्येच दिसतील.

मूळ घराण्याचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मॅटाडोरच्या पुढची पिढी म्हणून ट्रॅव्हलर आली. ती मर्सिडीजच्या ब्रेमेन येथील व्हॅनवर आधारलेली असून तिची ओढ मागच्या चाकांत आहे. 2005 मध्ये कंपनीने फोर्स मोटर्स हे नाव धारण केले. माल वाहण्यासाठी जन्मलेल्या या वंशाचे आजचे मुख्य कार्य माणसे वाहण्याचे आहे: शाळेची मुले, कारखान्याचे कामगार, शिर्डीचे यात्रेकरू, आणि रुग्ण. 2014 मध्ये महाराष्ट्रात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तिच्यातही ट्रॅव्हलरच दिसते. मात्र ही गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येते. शहापूर आणि मुरबाडच्या काही पाड्यांतून बाळंतीण अजूनही झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावी लागते, आणि तेवढ्या अंतरासाठी हांबुर्ग, गोरेगाव, आकुर्डी यांपैकी कोणाच्याही कारखान्यात उपाय नाही. तो बांधकाम खात्याच्या दफ्तरात आहे.

कारखान्यांचा इतिहास त्यांच्या कागदपत्रांत सुरक्षित आहे. परंतु मुरबाड किंवा शहापूरच्या कोणत्या गावात पहिली तीनचाकी कोणी घेतली, कर्ज कोठून काढले, परवान्यासाठी ठाण्याला किती फेऱ्या झाल्या, मुरबाडहून कल्याणपर्यंत पोत्यामागे भाडे काय पडे, हे कोणत्याही दफ्तरात नोंदलेले नाही. ते जुन्या टेंपोमालकांच्या घरातल्या ट्रंकांत आहे. ज्या वाचकांच्या घरी 1989 पूर्वीचे परवाने, गाडीची नोंदणीपुस्तके, भाड्याच्या वह्या किंवा अडत्याच्या पट्ट्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. निदान त्यांची एक प्रत काढून आपल्या गावच्या वाचनालयात द्यावी, ही विनंती. पुढील लेखांकात काळ्या-पिवळ्या जीपेचा विचार करू.