उपाशी झाडे आणि फिश टँकमधले शेवाळ

हिरव्या वनस्पतींनी सजवलेल्या फिश टँकमध्ये शेवाळ माजले की बहुतेक जण शेवाळनाशकाची बाटली आणतात. हा उपाय बहुधा उलटतो. अशा अनेक औषधांत तांब्याचे क्षार असतात. त्यामुळे कोळंबी आणि गोगलगाई आधी मरतात, नाजूक पानांची झाडे करपतात आणि मेलेले शेवाळ कुजून पाण्यात अमोनिया सोडते. महिन्याभरात नवे शेवाळ हजर होते, कारण ते ज्या परिस्थितीमुळे आले होते ती तशीच राहिलेली असते.

ती परिस्थिती समजून घ्यायला शाळेतला एक प्रयोग पुरेसा आहे. पाण्यातल्या हायड्रिलावर नरसाळे पालथे घालायचे, वर परीक्षानळी उपडी ठेवायची आणि उन्हात बुडबुडे मोजायचे. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की बुडबुडे वाढतात. ऊन तेच, हायड्रिला तीच, वाढलेला असतो फक्त कार्बन. पाण्यातल्या झाडाला बहुतेक वेळा प्रकाशाची नव्हे, कार्बनची टंचाई असते. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा पाण्यात सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो आणि उघड्या, स्थिर पाण्यात तो लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो.

अशा टँकवर आपण प्रखर एलईडी दिवा लावतो आणि तो दहा-बारा तास चालू ठेवतो. झाडांना ऊर्जा भरपूर मिळते, पण तिचा उपयोग करायला कार्बन नसतो. वाढ थांबते, जुनी पाने कुजू लागतात आणि त्यांच्यावरच शेवाळ धरते. शेवाळाची गरज फार थोडी असते. शिवाय अनेक शेवाळे पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेतात. हायड्रिला आणि वॅलिसनेरियालाही ही कला साधते. त्यामुळे बोअरच्या जड पाण्यावर टँक भरणाऱ्यांनी सुरुवात याच दोन झाडांनी करावी.

शेवाळे पाळीपाळीनेही येतात. बांद्र्यातल्या एका तलावातील शेवाळे ऋतूंनुसार कशी बदलत जातात, याचा अभ्यास गोन्साल्विस आणि जोशी या अभ्यासकांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केला होता. नव्या टँकच्या काचेवर बसणारी तपकिरी धूळ म्हणजे डायटम. ती पुसावी आणि धीर धरावा; टँक स्थिरावला की ती सहसा आपोआप जाते.

पानांच्या कडांवर उगवणारे काळे झुबके मात्र चिवट असतात. दिसायला काळे, पण हे लाल शैवाल आहे. एक झुबका स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला तर हरितद्रव्य विरघळून जाते आणि आतला लाल रंग उघडा पडतो. कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा कमीजास्त होत राहिला की ते फोफावते. यीस्ट आणि साखरेची बाटली जोडून वायू देणाऱ्यांना ते जास्त भेटते, कारण भिवंडीतल्या मे महिन्याच्या उकाड्यात यीस्ट आधी झपाट्याने काम करते आणि मग लवकर थकते. उग्र वासाचा, सोलून निघणारा निळसर हिरवा थर तर शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया असतात. तो ओढून काढून टँक तीन दिवस पूर्ण झाकून ठेवला की बहुतेक वेळा आटोक्यात येतो.

खरा दोष फॉस्फेटचा, असे बरीच वर्षे मानले गेले. १९७३ मध्ये कॅनडातल्या ‘लेक २२६’ या तलावाचे पडदा घालून दोन भाग केले गेले. दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजन टाकले, फॉस्फरस मात्र एकातच. तोच भाग हिरवागार झाला. तलावासाठी हा निष्कर्ष आजही मोलाचा आहे. पण दाट झाडे असलेल्या टँकमध्ये फॉस्फेट तोडले की आधी झाडेच उपाशी राहतात. अनेक शौकिनांनी मोजून फॉस्फेट दिले तेव्हा झाडे जोमाने वाढली आणि शेवाळ वाढले नाही. माझ्या मते घरच्या टँकमध्ये लक्ष द्यायचे ते प्रकाशावर आणि अमोनियावर.

म्हणून दिवा टायमर लावून सहा तासच ठेवा आणि खिडकीचे थेट ऊन टँकवर पडू देऊ नका. जलद वाढणारी झाडे पहिल्याच दिवशी भरपूर लावा. पाण्यावर तरंगणारे गोंडाळ फार उपयोगी, कारण त्याची पाने कार्बन थेट हवेतून घेतात आणि मुळे पाण्यातला अमोनिया शोषतात. दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच घाला.

शेवाळ खाणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा घेऊ नका. लहानपणी तो शेवाळ खरवडतो, पुढे फूट-दीड फूट वाढतो आणि आपल्या विष्ठेने टँकचा भार वाढवतो. कंटाळून लोक त्याला तलावात सोडतात. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात तो येऊ लागला आहे. भिवंडीकरांनो, तुमच्या टँकमधला कोणताही मासा किंवा झाड वऱ्हाळादेवी तलावात किंवा कामवारी नदीत टाकू नका. मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या शौकिनाला द्या आणि छाटलेली झाडे उन्हात पूर्ण वाळवूनच फेका.